चालत-बोलत शिकूया



गोंडी, माडिया किंवा कोरकू बोलणारे मूल वर्गात गप्प बसले की त्याला काही येत नाही, असे आपण चटकन ठरवतो. पुष्कळदा उत्तर त्याला ठाऊक असते. साऱ्या वर्गासमोर उभे राहून ते मराठीत सांगण्याचा धीर मात्र होत नाही. असे गप्प बसलेले मूल दिवाळीच्या सुट्टीत गावी जाते आणि परत येत नाही. नागपुरात वसतिगृहातील मुलांबरोबर काम करताना हे मी अनेकदा पाहिले आहे. म्हणून या वेळी चालत-फिरत चर्चा करण्याच्या पद्धतीचा अभ्यास करू.

कुरणातली शाळा

महाराष्ट्राला हा विचार नवा नाही. ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. अनुताई वाघ त्यांच्यासोबत होत्या. पुढे हे काम कोसबाडच्या टेकडीवर वारली मुलांमध्ये वाढले. मुले गुरे राखायला जात, शाळेत येत नसत. तेव्हा शाळाच कुरणात गेली. गुरे चरत असताना आजूबाजूच्या वस्तू हाती घेऊन मुले शिकू लागली. आपल्या शेजारच्या वर्ध्यातही ऑक्टोबर १९३७ च्या शिक्षण परिषदेत गांधीजींनी मातृभाषेतून, हाताने काम करत शिकण्याचा विचार मांडला होता. मुलाला एका जागी बसवले म्हणजे शिक्षण झाले, असे या मंडळींनी मानले नाही.

दोन वर्तुळे

तीस मुले आहेत असे धरा. पंधरा जण आतल्या वर्तुळात तोंड बाहेर करून, पंधरा बाहेरच्या वर्तुळात तोंड आत करून उभे राहतील. शिक्षक एक प्रश्न विचारतात. अर्धा मिनिट सगळे शांत राहून विचार करतात. मग समोरासमोरची जोडी बोलते: एक मिनिट एकाने, एक मिनिट दुसऱ्याने. टाळी वाजली की बाहेरचे वर्तुळ एक पाऊल उजवीकडे सरकते आणि नवा सोबती समोर येतो.

हिशेब करून पाहा. तीस मिनिटांच्या तासात एकेकाला उभे केले, तर प्रत्येकाच्या वाट्याला जेमतेम एक मिनिट येते. वर्तुळाच्या सहा फेऱ्या साधारण बारा-पंधरा मिनिटांत होतात आणि प्रत्येक मूल सहा मिनिटे बोलते. पहिल्या फेरीत अडखळलेले वाक्य चौथ्या फेरीपर्यंत सुटे होते. खोली लहान असेल तर दोन समोरासमोरच्या रांगाही चालतात.

प्रश्न कोणता विचारावा?

ज्याची उत्तरे एकाहून अधिक आहेत आणि ज्यात मुलांचा अनुभव आहे, असा. उदाहरणार्थ, मोहफुले वेचली की लगेच विकावीत, की वाळवून भाव वाढेपर्यंत ठेवावीत? खोलीचे दोन कोपरे दोन मतांना द्या. मुले आपापल्या कोपऱ्यात जातील, कारणे सांगतील. पटले तर कोपरा बदलायची मुभा असावी. यात गणित येते, बाजार येतो, घरची गरज येते. आणि इथे जाणकार मुले असतात, शिक्षक ऐकणारे.

काही पथ्ये

- पहिली फेरी घरच्या भाषेत होऊ द्या. एकाच भाषेची दोन मुले समोरासमोर ठेवा.
- शेवटी स्वतःचे नव्हे, तर सोबत्याचे म्हणणे वर्गाला सांगायला लावा. त्यामुळे ऐकण्याची सवय लागते आणि लाजरे मूलही बोलते.
- चालायला त्रास असलेल्या मुलाला आतल्या वर्तुळात खुर्ची द्या. फिरणे इतरांनी करावे.
- मधेच चूक सुधारू नका. कानावर पडलेल्या चुका लिहून ठेवा आणि नंतर नाव न घेता समजावा.

अम्माऊसच्या वाटेवरचे दोन शिष्य आठवा (लूक २४). ते चालत होते, आपसात बोलत होते. प्रभू त्यांच्याबरोबर चालू लागला आणि त्याने आधी त्यांनाच प्रश्न विचारून बोलते केले. शिकवणे त्यानंतर आले.

मंडळीत चर्चेसाठी

१. आपल्या संडे स्कूलमध्ये गेल्या रविवारी कोणते मूल एकदाही बोलले नाही?
२. त्याच्या घरची भाषा आपल्यापैकी कोणाला येते?
३. पुढच्या रविवारी वर्तुळ करायचे, तर पहिला प्रश्न कोणता असेल?

या प्रश्नांवर बसल्या जागी बोलू नका. उठा, जोड्या करा आणि चालत बोला.