एआयच्या रांगेत उभं राहण्याआधी

प्रवेशाचा मोसम आला की पालकांचा एकच प्रश्न येतो : ‘मुलगी कम्प्युटर इंजिनिअर झाली, आता एमएस एआयमध्ये करावं की डेटा सायन्समध्ये? कर्जाची तयारी आहे.’ मुलीला काय आवडतं, असं विचारलं तर उत्तरही पालकच देतात.

गणितात मन रमत असेल तर एआयकडे जरूर जावं. पण शेजारचा मुलगा गेला म्हणून जाऊ नये. ज्या मुलांना कोडइतकंच माणसांचंही कुतूहल आहे, त्यांच्यासाठी ह्यूमन-सेंटर्ड कम्प्युटिंग हा विषय आहे आणि आपल्याकडे त्याची चौकशीसुद्धा होत नाही. माणूस यंत्रापुढे कुठे अडतो, का अडतो, हे शोधून यंत्र बदलायचं, हे त्यातलं काम. ल्युसी सचमन या मानववंशशास्त्रज्ञ. झेरॉक्सच्या संशोधन केंद्रात त्यांनी फोटोकॉपी यंत्रापुढे गोंधळलेल्या माणसांचं चित्रीकरण करून बारकाईने अभ्यास केला. त्यावरचं त्यांचं १९८७चं पुस्तक या क्षेत्रात आजही वाचलं जातं. आपल्याकडचं उदाहरण हवं असेल तर ‘स्वरचक्र’ कीबोर्ड पाहा. व्यंजनावर बोट ठेवलं की भोवती बाराखडीचं चक्र उघडतं. आयआयटी मुंबईच्या आयडीसी या डिझाइन विभागात प्रा. अनिरुद्ध जोशी आणि सहकाऱ्यांनी तो घडवला. मराठी माणूस अक्षर कसं जुळवतो, याचा विचार त्यामागे आहे.

आयडीसी १९६९पासून आहे. तिथे याच्या जवळच्या इंटरॅक्शन डिझाइन या विषयात एमडेस (डिझाइनमधली पदव्युत्तर पदवी) करता येतं, आयआयटी गुवाहाटीतही डिझाइन विभाग आहे. त्यासाठी जानेवारीत ‘सीड’ ही परीक्षा होते. ती कुठल्याही शाखेच्या पदवीधराला देता येते, वयाची अट नाही. तीन महिन्यांच्या ‘यूएक्स’ (यूजर एक्स्पिरिअन्स) कोर्सवर मात्र पैसे घालवू नका. तिथे स्क्रीन रंगवायला शिकवतात, प्रश्न शोधायला नाही.

परदेशीच जायचं असेल तर कार्नेगी मेलन, जॉर्जिया टेक ही नावं पाहा. आणि पालकांनो, हे नीट वाचा : अमेरिकेत एमएसचा खर्च बहुधा स्वतःच करावा लागतो. पीएचडीला मात्र बऱ्याच ठिकाणी शुल्कमाफी आणि विद्यावेतन मिळतं. ‘पाच-सहा वर्षं? मग लग्न कधी?’ या एका प्रश्नापायी संशोधनाची ओढ असलेल्या मुली कर्ज काढून नावडत्या एमएसला जातात. हे थांबवा.

पीएचडीनंतर प्राध्यापकी आहे, तशीच मोठ्या कंपन्यांमध्ये वापरकर्त्यांवर संशोधन करण्याची नोकरीही आहे. पण अर्ज विद्यापीठाच्या रँकिंगवर करू नका. आधी मार्गदर्शक निवडा, त्यांचे या विषयाच्या ‘सीएचआय’ परिषदेतले निबंध वाचा आणि आपला प्रश्न त्यांच्या कामाशी कुठे जुळतो ते दोन परिच्छेदांत लिहा. स्टेटमेंट ऑफ पर्पज एजंटकडून लिहून घेऊ नका. ते मुलीने स्वतः लिहावं, आणि वडिलांनी ते अर्ज गेल्यावरच वाचावं.