दयेला शिस्तीची जोड



आपल्या धर्मग्रामात सेवाभावी मंडळांची वानवा नाही. कुणी आजाऱ्यांना औषधे पुरवते, कुणी गरजू मुलांची फी भरते, कुणी एकट्या वृद्धांच्या घरी शिधा पोहोचवते. तरीही एक गोष्ट वारंवार दिसते. एखादे मंडळ काही वर्षे जोमाने चालते. मग अध्यक्ष थकतात, सेक्रेटरी नोकरीसाठी आखातात जातात आणि वह्याही त्यांच्याबरोबर गेल्यासारख्याच होतात. मंडळ बंद पडले तर सदस्यांचे फारसे बिघडत नाही. बिघडते ते पहिल्या तारखेला औषधांची वाट पाहत दारात बसलेल्या आजीबाईंचे. म्हणून 'सेवाभावी संस्था सक्षम कशी करावी' हा विषय केवळ पदाधिकाऱ्यांचा नाही, आपणा सर्वांचा आहे.

शातियोंचा रविवार

सन 1617. फ्रान्समधील शातियों या लहानशा गावी संत व्हिन्सेंट डी पॉल धर्मगुरू होते. ऑगस्ट महिन्यातील एका रविवारी ते मिस्सासाठी वस्त्रे परिधान करीत असताना त्यांना निरोप मिळाला की, गावाबाहेरच्या एका घरात सर्वच माणसे आजारी आहेत आणि त्यांना पाणी द्यायलाही कुणी नाही. व्हिन्सेंट यांनी प्रवचनात ही हकीकत सांगितली. दुपारी ते स्वतः त्या घरी निघाले, तर वाटेवर बायकांची रीघ लागलेली! कुणी अन्न देऊन परतत होत्या, कुणी घेऊन निघाल्या होत्या.

दुसरा एखादा धर्मगुरू प्रवचन फळाला आले म्हणून समाधानाने झोपला असता. व्हिन्सेंट मात्र विचारात पडले. आज त्या घरी इतके अन्न आले आहे की त्यातले बरेचसे नासून जाईल. आणि परवा? परवा ते घर पुन्हा उपाशीच. दयेत काही कमी नव्हते, कमी होती ती व्यवस्था.

त्याच आठवड्यात त्यांनी गावातील काही स्त्रियांना एकत्र बोलावले. सेवेच्या पाळ्या ठरल्या. एक प्रमुख आणि एक खजिनदार निवडण्यात आली. ठरावीक काळाने नवी निवड व्हावी आणि जमाखर्चाचा हिशेब दिला जावा, असे लेखी नियमात नमूद झाले. आजाऱ्याला जेवण कसे वाढावे हेदेखील त्या नियमात आहे. ज्याच्याजवळ घरचे कुणी आहे त्याच्यापासून सुरुवात करावी आणि जो एकटा आहे त्याच्याकडे शेवटी जावे, म्हणजे त्याच्याजवळ अधिक वेळ बसता येईल! नियम म्हटले की आपल्याला रुक्षपणा आठवतो. येथे मात्र प्रेमच नियमाच्या रूपाने कागदावर उतरले आहे.

देखरेख आणि शिक्षण

अशी मंडळे गावोगाव निघाली. पण मंडळ काढणे सोपे, टिकवणे कठीण. 1629 पासून संत लुईज द मारियाक यांना व्हिन्सेंट या मंडळांच्या भेटीस पाठवू लागले. त्या गावात राहत, हिशेब पाहत, सेवा कशी चालते ते तपासत, उत्साह मावळला असेल तेथे धीर देत आणि मुलींना शिकवण्याची सोय करीत. आज ज्याला आपण मूल्यमापन आणि प्रशिक्षण म्हणतो, ते हेच.

पॅरिस शहरात वेगळी अडचण उभी राहिली. तेथील खानदानी स्त्रिया दान देत, पण आजाऱ्याकडे स्वतः न जाता नोकरांना पाठवत. तेव्हा खेड्यातल्या साध्या मुली पुढे आल्या. त्यांच्यातली पहिली मार्गरीट नासो. गाई राखता राखता ती स्वतःच अक्षरे शिकली आणि मग इतर मुलींना शिकवू लागली. अशा मुलींना एकत्र ठेवून लुईज यांनी त्यांना सेवेचे रीतसर शिक्षण दिले. 29 नोव्हेंबर 1633 रोजी त्यातून 'डॉटर्स ऑफ चॅरिटी' हा धर्मभगिनींचा संघ जन्मास आला. चांगल्या मनाला शिक्षण दिले की त्याचे चांगले हात होतात.

संस्थापक खुर्चीवर नाही

दोनशे वर्षांनंतर, 23 एप्रिल 1833 रोजी, पॅरिसमध्ये फ्रेडरिक ओझानाम आणि त्यांचे विद्यार्थी मित्र एमान्युएल बाय्यी या वयाने मोठ्या गृहस्थांसह एकत्र आले. आज सुमारे 150 देशांत पसरलेल्या सेंट व्हिन्सेंट डी पॉल सोसायटीची ती सुरुवात. या तरुणांना अनुभव नव्हता, म्हणून ते सिस्टर रोझाली रांदू यांच्याकडे गेले. सिस्टरांनी त्यांना गरीब कुटुंबांची यादी दिली आणि घरी जाऊन कसे वागावे ते शिकवले. नियमित सभा, प्रत्यक्ष गृहभेट आणि सभेत फिरणारी गुप्तदानाची थैली, एवढेच त्यांचे भांडवल.

1834 च्या अखेरीस सदस्यांची संख्या शंभरावर गेली. इतक्या जणांच्या एका सभेत प्रत्येक कुटुंबाची नीट चौकशी होईना. ओझानाम यांनी गट वेगळे करण्याची सूचना मांडली. मैत्री तुटेल या भीतीने पुष्कळांनी विरोध केला. पण 1835 मध्ये विभागणी झाली, नियमावली तयार झाली आणि त्यामुळेच संस्था वाढली. ओझानाम या संस्थेचे सर्वोच्च अध्यक्ष कधीच झाले नाहीत. पहिले अध्यक्ष बाय्यी. 1853 साली वयाच्या अवघ्या चाळिसाव्या वर्षी ओझानाम वारले. संस्था थांबली नाही.

आपण काय शिकावे?

आरंभीच्या ख्रिस्तसभेतही हा प्रश्न आला होता. ग्रीक भाषिक विधवांची रोजच्या वाटपात आबाळ होऊ लागली (प्रेषितांची कृत्ये 6:1-7). प्रेषितांनी नुसती सबुरीची शिकवण दिली नाही. सात जाणती माणसे निवडून त्यांच्यावर जबाबदारी सोपवली.

संत थॉमस अक्वायनस सद्गुणांमध्ये विवेकाला मानाचे स्थान देतात. चांगले व्हावे एवढी इच्छा पुरत नाही, ते कसे होईल याचा विचारही सद्गुणच आहे. त्या दृष्टीने हजेरीपट, इतिवृत्ताची वही आणि पावतीपुस्तक या गोष्टी सेवेबाहेरच्या नाहीत.

कायद्याचेही असेच आहे. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, 1950 नुसार नोंदणीकृत न्यासाचे विश्वस्त बदलले की 90 दिवसांत धर्मादाय कार्यालयाकडे बदल अर्ज द्यावा लागतो. हे काम मागे पडले तर पुढे बँक, देणगी, मालमत्ता अशा प्रत्येक ठिकाणी अडचण येते आणि तिचा भुर्दंड शेवटी गरिबालाच बसतो.

आणखी एक गैरसमज दूर करायला हवा. "सगळा पैसा गरिबांनाच जावा, कार्यालयावर एक रुपयाही नको," असे आपण म्हणतो. उधळपट्टी नकोच, परकीय देणग्यांच्या कायद्यातही 2020 च्या दुरुस्तीने प्रशासकीय खर्चाची मर्यादा 50 टक्क्यांवरून 20 टक्क्यांवर आणली आहे. पण मर्यादा घालणे वेगळे आणि खर्चच नाकारणे वेगळे. हिशेब तपासून घेणे आणि स्वयंसेवकांना शिकवणे याला पैसा लागतो. विहिरीचा रहाट दुरुस्त करण्यावर केलेला खर्च हा पाण्यावरचाच खर्च असतो.

समूहाच्या बैठकीत चर्चेसाठी

1. आपल्या मंडळाचे प्रमुख उद्यापासून सहा महिने आले नाहीत, तर कोणते काम थांबेल? ते काम आज आणखी कुणाला शिकवता येईल?

2. आपण ज्यांना मदत करतो त्यांची ताजी यादी आहे का? त्यांच्या घरी शेवटची भेट कधी झाली?

3. गेल्या वर्षीचा हिशेब सर्व सदस्यांसमोर वाचला गेला का?

4. तिशीच्या आतले किती जण जबाबदारीच्या पदावर आहेत?

उत्तरे कुणाला दोष देण्यासाठी नकोत. या चारपैकी एकच प्रश्न निवडा आणि पुढील बैठकीपर्यंत त्याबाबत एक पाऊल टाका. शातियोंच्या स्त्रियांनीही पहिल्या आठवड्यात फक्त पाळ्या ठरवल्या होत्या. त्या घरी दुसऱ्या दिवशीही जेवण पोहोचावे, एवढाच त्यामागचा विचार होता.

ख्रिस्तात आपला,
प्रमुख धर्मगुरू