शिणलेल्या अंगाने ११३ किलोमीटर

गोव्यात मिरामारच्या किनाऱ्यावर आयर्नमॅन ७०.३ ही स्पर्धा पहिल्यांदा झाली २०१९ मध्ये. समुद्रात १.९ किलोमीटर पोहायचं, मग ९० किलोमीटर सायकल, मग २१.१ किलोमीटर पळायचं, आणि हे सगळं साडेआठ तासांच्या आत. ७०.३ हा आकडा मैलांचा. आपल्या हिशोबात ११३ किलोमीटर. पूर्ण आयर्नमॅन याच्या दुप्पट. अभिनेते मिलिंद सोमण यांनी २०१५ मध्ये झुरिचला केलं ते दुप्पटवालं.

गोव्याची तारीख येते ऑक्टोबर-नोव्हेंबरात. शहरातल्या खेळाडूला ती सोयीची असेल, पण मराठवाड्यातल्या आमच्या करमाडकडे नेमकं तेव्हाच सगळं अंगावर येतं. मका सोंगायचा, कापूस वेचायचा, मोसंबीचा आंबिया बहार उतरवायचा. २०२५ मध्ये तर सप्टेंबरच्या अतिवृष्टीनं मराठवाडा झोडपून काढला. वावरात गुडघाभर चिखल, शेंद्रा एमआयडीसीतल्या शिफ्टा, आणि त्यात हिवाळ्यापासून चाललेल्या माझ्या स्पर्धा: सायकलच्या बीआरएम, म्हणजे ठरलेल्या वेळेत पुऱ्या करायच्या लांब पल्ल्याच्या वाऱ्या, मग साताऱ्याची हिल मॅरेथॉन. नोव्हेंबरात गोव्याला निघालो तेव्हा अंग ताजं नव्हतं. तरी वेळेत पोचलो. ताज्या अंगानं शर्यत कशी करावी हे सांगणारे पुष्कळ आहेत. ज्यांचं अंग वर्षभर ताजं राहूच शकत नाही, त्यांच्यासाठी हे चार शब्द.

१. अंगाला कारण कळत नाही, फक्त थकवा कळतो.

साताऱ्याच्या शर्यतीत यवतेश्वरचा घाट चढून आलेला शीण, रात्रपाळीचा शीण आणि मोसंबीचे क्रेट उचलून आलेला शीण, सगळा एकाच खात्यात जमा होतो. सरावाच्या वहीत मात्र आपण फक्त पळणं-पोहणं-सायकल लिहितो आणि मग म्हणतो, ‘या आठवड्यात तर काहीच केलं नाही, तरी पाय का जड?’ काहीच कसं केलं नाही? दोन दिवस मका सोंगला की! वहीत शेतकाम लिहायला लागा. तासाला तास मोजा. फवारणीचा पंप पाठीवर घेऊन चिखलात चालणं हा माझ्या वहीत पळण्याइतकाच धरलेला व्यायाम आहे, आणि तो ज्या दिवशी होतो त्या दिवशी दुसरा होत नाही.

२. शेवटच्या पंधरा दिवसांत ताकद येत नाही, थकवा तेवढा उतरतो.

कष्टाच्या सरावाचं फळ अंगात उतरायला काही आठवडे लागतात. त्यामुळे स्पर्धेच्या तोंडावर केलेली मोठी सायकलवारी त्या स्पर्धेला उपयोगी पडत नाही, फक्त दमवते. हंगामात राहिलेला सराव शेवटी भरून काढायचा मोह सगळ्यांना होतो. आवरा. शेवटचे दोन-तीन आठवडे एकूण पल्ला निम्म्यावर आणा, पण वेग पूर्ण सोडू नका. तासाभराच्या फेरीत मधेच तीन-चार वेळा पाच-पाच मिनिटं जोर लावायचा आणि घरी यायचं. नुसतंच लोळलात तर पाय झोपतात.

३. उठायच्या आधी नाडी बघा.

गादीवर पडल्या पडल्या, मोबाइल हातात घ्यायच्या आधी, मिनिटभर ठोके मोजायचे. महागडं घड्याळ लागत नाही. रोजच्यापेक्षा सात-आठ ठोके जास्त आणि असं सलग दोन-तीन दिवस चाललं, की सराव बंद. चिडचिड, दमूनही झोप न येणं, घसा खवखवणं ही त्याचीच भावंडं. पावसाळ्यात व्हायरल ताप घरोघर असतो. तो येऊन गेला असेल तर डॉक्टरांना दाखवल्याशिवाय जोराचा व्यायाम नको. तापानंतर हृदयावर किती भार पडेल हे आपल्याला वरून दिसत नाही.

४. झोप हा सरावाचाच भाग आहे, उरलासुरला वेळ नाही.

एक आठवडा रात्रपाळी, त्यात पंपाला रात्रीची लाईट. या दोन्हीमधून सहा तास सलग झोप काढणं हेच आमच्याकडचं खरं अवघड काम. पहाटे चारला उठून पळणाऱ्यांचं कौतुक आहे, पण अकराला मोटार बंद करून आलेल्या माणसानं चारला उठू नये. त्या दिवशीचं पळणं सोडून द्यावं आणि त्याबद्दल वाईटही वाटून घेऊ नये. आणखी एक: स्पर्धेच्या आदल्या रात्री झोप कुणालाच धड येत नाही, तेव्हा त्या रात्रीची फिकीर करू नका. त्याच्या आधीच्या दोन रात्री सांभाळा. गोव्याचा रात्रभराचा प्रवास त्याच्याही आधी उरकलेला बरा.

५. विहीर भीती घालवते, अंतर कापायला शिकवत नाही.

आमच्याकडचे सगळे विहिरीतच पोहायला शिकले. पाठीला वाळका भोपळा नाहीतर डबा बांधायचा आणि वरून कुणीतरी ढकलायचं. त्यामुळे खोल पाण्याची धास्ती कायमची जाते आणि समुद्रात ते फार कामाला येतं. पण विहिरीत चार हात मारले की समोर कडं. सलग पोहायचं तर शहरातल्या तलावावर जावंच लागतं. तलावात तळाला रेघ असते, समुद्रात ती नसते. गढूळ हिरव्या पाण्यात आपलाच हात कोपरापर्यंत दिसतो. म्हणून दर आठ-दहा हातांनंतर मगरीसारखे डोळे पाण्याच्या वर काढून तरंगती खूण बघायची आणि दिशा धरायची. ही सवय मात्र विहिरीत गोल गोल फिरून छान लागते. पाणी २४.५ अंशांच्या वर असलं की तरंगायला मदत करणारा वेटसूट चालत नाही. गोव्याचा समुद्र त्याहून उबदार, तेव्हा जे आहे ते आपल्या हातांवर. शिणलेल्या माणसानं पाय फार मारू नयेत. ते पुढे लागणार आहेत. पोहण्याला १ तास १० मिनिटांची मुदत असते. शांत पोहणाऱ्याला ती पुरते.

६. सरावाचा रस्ता वाऱ्यावरून ठरवा.

समृद्धी महामार्ग आमच्या उशाशी आहे, पण त्यावर सायकलला बंदी. जालना रोडला कंटेनर आणि जिनिंगला निघालेले कापसाचे ट्रॅक्टर. शेंद्र्याच्या ऑरिक औद्योगिक वसाहतीचे रुंद, मोकळे रस्ते हे आमचं भाग्य. पहाटे तिथे कुत्र्यांशिवाय कुणी आडवं येत नाही. पावसाळ्यात वारा पश्चिमेचा असतो, म्हणून पूर्वेला बदनापूरकडे जाताना आपण फार मोठे सायकलपटू आहोत असं वाटतं आणि परत येताना तो समज उतरतो. दमलेल्या दिवसांत उलटं करा: आधी वाऱ्याच्या तोंडी जा, येताना तो पाठीशी घ्या. चढाचा सराव हवा असेल तर चौका घाट आणि दौलताबादचा घाट जवळ आहेत, पण हंगामाच्या शेवटी त्यांच्या वाटेला जायचं कारण नाही.

७. सायकलवर माणसं पुढे जातील. जाऊ द्या.

स्पर्धेत सगळ्यात जास्त वेळ सायकलवर जातो, आणि वाट लागते तीही तिथेच. समुद्रातून बाहेर आल्यावर अंगात उसनं बळ असतं. पहिल्या वीस-तीस किलोमीटरला शेजारून लोक सटासट जातात. त्यांच्या मागे चिकटून वारा चुकवणं या खेळात चालत नाही. दोन सायकलींत १२ मीटर अंतर ठेवावं लागतं, नाहीतर दंड म्हणून थांबवतात. तेव्हा प्रत्येकजण आपापल्या वाऱ्याशी एकटाच. चढावर हलका गिअर, उतारावर पायांना विसावा, आणि बोलता येईल इतकाच श्वास. ताज्या माणसाला इथे थोडी उधळपट्टी परवडते, आपल्याला नाही. सायकलवर वाचवलेली दहा मिनिटं पळताना अर्ध्या तासानं महाग पडतात. बीआरएम करणाऱ्यांना हे समजवावं लागत नाही. २०० किलोमीटरला साडेतेरा तास आणि ३०० ला वीस तास मिळतात, तिथे घाई करणारा नाही तर कमी थांबणारा आधी पोचतो.

८. भूक लागायच्या आधी खा, आणि घरी पचलंय तेच खा.

१९७८ मध्ये हवाईत पहिली आयर्नमॅन झाली. १५ जण उतरले, १२ जण पोचले. सायकलनंतर जॉन डनबार पुढे होता. पळताना त्याच्या मदतनिसांकडचं पाणी संपलं आणि त्यांनी त्याला बीअर पाजली. गॉर्डन हॅलर त्याला मागे टाकून पहिला आला. या खेळात खाण्यापिण्याचा बंदोबस्त हा चौथा प्रकार मानतात. तासाला साधारण ६० ग्रॅम कर्बोदकं पोटात जावीत. मध्यम केळ्यात पंचविसेक ग्रॅम असतात, त्यावरून अंदाज बांधा. मीठ लावलेले उकडलेले बटाटे, केळी, गुळाचं पाणी मला मानवतं. शेंगदाण्याची चिक्की चवीला उत्तम, पण धावताना पोटात बसून राहते. नुसतं पाणी ढोसत राहणं धोक्याचं. घामातून मीठ गेलेलं असतं, वरून साध्या पाण्यानं रक्तातलं मीठ आणखी पातळ होतं. दमलेल्या अंगाची भूक मेलेली असते, म्हणून भुकेवर विसंबू नका. घड्याळावर विसंबा.

९. गोव्यात घाम वाळत नाही.

करमाडला पळून आलो की बनियनवर मिठाचे पांढरे नकाशे उमटतात, कारण घाम वाळतो आणि अंग गार होतं. मिरामारला तोच बनियन पिळून काढावा असा ओला आणि अंग तरीही तापलेलं. दमट हवेत घाम नुसता ओघळतो, गारवा देत नाही. याला उपाय दोन. एक, आधीचे दहा-बारा दिवस भर दुपारी थोडं थोडं, सावकाश पळून अंगाला उष्णतेची सवय लावायची. शेतात असणाऱ्याला हे फुकट मिळतं. दोन, पाण्याच्या प्रत्येक टेबलापाशी चालायचं. टोपीत बर्फ, मानेवर बर्फ, दोन घोट पोटात, आणि पुन्हा पळायचं. दम लागला म्हणून चालणं आणि ठरवून चालणं यांत फरक आहे. ठरवून चालणारा परत पळायला लागतो.

१०. कधी थांबायचं हे आधीच, शुद्धीत असताना, लिहून ठेवा.

उन्हात डोकं चालत नाही. छातीत दुखलं, डोळ्यांपुढे अंधारी आली, घाम येता येता थांबला किंवा आपण कुठे आहोत हे कळेनासं झालं, तर थांबायचं. यावर तिथे चर्चा नाही. नुसते पाय दुखले, तर चालायचं. निघायच्या आठवडाभर आधीच अंगात बळ नसेल तर नाव मागे घ्यावं. यात कमीपणा नाही. याच स्पर्धेत तिघांनी मिळून एकेक प्रकार करायची रिले असते. पुढच्या खेपेला अंग असंच दमलेलं असेल, तर मित्रांना गोळा करून नुसतं पोहण्याचं काम पत्करलं तरी चालेल.

११. घरच्यांचा हंगाम आपल्यामुळे जड करू नका.

स्पर्धेची फी, सायकल, प्रवास, सगळं मिळून मोसंबीच्या बऱ्यापैकी उत्पन्नाइतकं होतं. वडिलांनी एवढंच विचारलं, “का रे, पैसे भरून दमायला चालला का?” प्रश्न रास्त आहे आणि त्याला माझ्याकडे ठसठशीत उत्तर नाही. मी एवढंच करतो: कापसाची पहिली वेचणी उरकल्याशिवाय निघत नाही, आणि परत आल्यावर ‘पाय दुखतात’ हे शब्द घरात काढत नाही. नाशिकच्या अभिनेत्री सैयामी खेर यांनी २०२४ मध्ये जर्मनीत हीच ७०.३ चित्रीकरणाच्या वेळा सांभाळून पूर्ण केली. ज्याच्या त्याच्या कामाचं ओझं वेगळं, पण काम आधी, खेळ नंतर, हा क्रम बहुतेकांना चुकत नाही.

१२. पुढच्या वर्षीची यादी पदक गळ्यात असताना करू नका.

त्या संध्याकाळी सगळं शक्य वाटतं आणि माणूस तीन नव्या स्पर्धांना नाव देऊन बसतो. महिनाभर थांबा. गहू-हरभरा पेरून होऊ द्या, नाडी जुन्या आकड्यावर येऊ द्या, मग कॅलेंडर उघडा. पाऊस कधी किती पडेल, मोसंबीची फळगळ किती होईल, शिफ्ट कोणती लागेल, यातलं काहीच आपल्या हातात नाही. स्पर्धांची यादी तेवढी आहे. मी तिथेच कात्री लावली: गोवा करायचं त्या वर्षी सातारा नाही, आणि बीआरएम दोनशेच्या वर नाही.