अवजारांतील स्प्रिंगची निवड

शेतीच्या अवजारांत सांगाडा, फण, फाळ, पाती ही अंगे चटकन नजरेत भरतात आणि खरेदीच्या वेळी शेतकरी ती ठोकून, वाजवून पारखून घेतो. स्प्रिंगची आठवण मात्र ती मोडल्यावरच होते. मोडल्यावरही बहुधा तुकडा दुकानदारापुढे ठेवून “अशीच एक द्या” एवढेच सांगितले जाते. दुकानदार जी देतो ती दिसावयास तशीच असते. कामास ती तशीच असेल, असे मात्र नाही. तारेच्या जाडीत एका मिलिमीटरचा फरक डोळ्यांस कळत नाही, परंतु त्या फरकाने अवजाराचे वागणे पार बदलून जाते. ते कसे, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे. गावपातळीवर काम करणाऱ्या कार्यकर्त्यांनी हा भाग एखाद्या शेतकऱ्याच्या मोगड्याजवळ उभे राहून समजावून दिल्यास तो अधिक लवकर पटेल.

स्प्रिंग निवडताना पहिला प्रश्न विचारावयाचा तो जाडीचा किंवा किमतीचा नव्हे. तिच्यावर जोर कोणत्या दिशेने येणार आहे, हा तो प्रश्न होय.

जोर दाबणारा असेल तर दाबाची स्प्रिंग लागते. हिच्या वेढ्यांत मोकळे अंतर असते व टोके सपाट असतात. फवारणी पंपाच्या खटक्यात, डिझेल इंजिनाच्या व्हॉल्व्हवर हीच असते. जोर ओढणारा असेल तर ताणाची स्प्रिंग घ्यावी. हिचे वेढे एकमेकांस चिकटलेले असून दोन्ही टोकांना आकडे असतात. एखादा भाग एका बिंदूभोवती फिरवून परत आणावयाचा असेल, तर उंदराच्या चापात असते तशी पिळाची स्प्रिंग उपयोगी पडते. भार मोठा आणि हालचाल थोडी असेल, शिवाय स्प्रिंगनेच धुरा जागेवर धरून ठेवावा अशी अपेक्षा असेल, तेथे ट्रॉलीला असतात तसे पाटे योग्य. आणि दोरी ओढून सुरू करावयाच्या पॉवर पंपात दोरी परत गुंडाळणारी जी चपटी पट्टी असते, ती घड्याळातील कमानीचीच मोठी बहीण होय.

यांपैकी दाबाची व ताणाची या दोहोंमधील फरक शेतकरी बंधूंनी विशेष ध्यानात ठेवावा. दाबाची स्प्रिंग मोडली तरी तिचे तुकडे आपल्या घरातच अडकून राहतात आणि काम काही काळ कसेबसे चालू राहते. ताणाची स्प्रिंग मोडली की पकड एका क्षणात सुटते, आणि तुकडा कोठे उडेल याचा नेम नसतो. ती मोडतेही बहुधा आकड्याच्या वळणापाशी, कारण तेथे तारेवर पीळ आणि वाक असा दुहेरी ताण येतो. म्हणून जेथे मोडण्याने माणसास इजा होईल, तेथे शक्य असल्यास दाबाची स्प्रिंग पसंत करावी. ओढण्याच्या कामीही तिचा उपयोग करता येतो. इंग्रजी यू अक्षराच्या आकाराचे दोन लांब आकडे समोरासमोरून स्प्रिंगच्या पोटातून आरपार नेले व पलीकडच्या टोकांस अडकविले, म्हणजे आकडे बाहेर ओढताच आतील स्प्रिंग दाबली जाते.

दाबाच्या स्प्रिंगचा एक दोष मात्र आहे. तिची मोकळी लांबी वेढ्याच्या व्यासाच्या सुमारे चौपटीहून अधिक झाली, तर ती दाबाखाली सरळ न बसता बाजूस वाकते. अशा वेळी तिच्या आत दांडी किंवा बाहेरून नळी हवी.

मोगड्याची स्प्रिंग

आता ट्रॅक्टरच्या मोगड्याकडे वळू. त्यास कल्टिव्हेटर असेही म्हणतात. स्प्रिंगच्या मोगड्यात प्रत्येक फण एका बोल्टभोवती हलू शकतो, आणि त्याच्या वरच्या टोकास बहुधा दोन जाड स्प्रिंगा जोडलेल्या असतात. फाळ दगडास किंवा झाडाच्या मुळीस अडला की फण मागे झुकतो, अडथळा ओलांडतो आणि स्प्रिंगच्या जोराने पुन्हा जागेवर येतो. माळावरच्या मुरमाड, दगडगोट्यांच्या जमिनीत हा प्रकार फार सोयीचा आहे. जेथे काळ्या भारी रानात दगड सापडत नाही, तेथे साधा स्थिर फणांचा मोगडा पुरेसा असतो व त्याची खोलीही एकसारखी राहते. स्प्रिंगचा मोगडा महाग म्हणून चांगला, असे समजण्याचे कारण नाही.

या स्प्रिंगने दोन परस्परविरोधी कामे करावयाची असतात. नांगरट चालू असताना तिने हलता कामा नये, आणि दगड येताच हलले पाहिजे. हे साधते ते तिला आधीच दिलेल्या ताणामुळे. उदाहरणाने पाहू. समजा, बोल्टपासून फाळाच्या टोकापर्यंत ६० सें.मी. अंतर आहे व बोल्टपासून वर स्प्रिंगच्या पकडीपर्यंत १२ सें.मी. आहे. तरफेच्या नियमाने फाळावर जेवढा जोर येईल त्याच्या पाचपट जोर वर दोन स्प्रिंगांवर मिळून येतो. फाळावर १०० किलो, तर स्प्रिंगांवर ५०० किलो, म्हणजे प्रत्येकीवर २५०. आता प्रत्येक स्प्रिंग एक मिलिमीटर ताणण्यास ४ किलो जोर लागतो असे धरू. आधी काहीच ताण नसेल तर ती सुमारे ६२ मि.मी. लांबेल, आणि फाळाचे टोक त्याच्या पाचपट म्हणजे ३० सें.मी.हून अधिक मागे जाईल. असा फण जमीन उकरणार नाही, नुसता वरून घसटत जाईल. तीच स्प्रिंग बोल्ट आवळून आधीच २०० किलो ताणावर ठेवली, तर फाळावर ८० किलो जोर येईपर्यंत फण हलणारच नाही, आणि १०० किलोस तो सुमारे सहा सें.मी. तेवढा मागे सरकेल. स्प्रिंग तीच राहिली, केवळ तिच्या जोडणीत फरक पडला. सबब फण वारंवार मागे जात असल्यास नवी स्प्रिंग आणण्यापूर्वी आवळण्याचा बोल्ट ढिला झाला आहे काय, हे प्रथम पाहावे.

एक मिलिमीटरच्या फरकाने

ताण जितका अधिक, तितकी स्प्रिंग त्याच प्रमाणात लांबते, हा नियम रॉबर्ट हूक या इंग्रज शास्त्रज्ञाने १६७८ साली प्रसिद्ध केला. परंतु कोणती स्प्रिंग किती ताठ, हे तिच्या मापांवरून ठरते, आणि तेथेच आपली फसगत होते. तारेची जाडी वाढली की ताठपणा जाडीच्या चौथ्या घाताने वाढतो. वेढ्याचा व्यास वाढला की तो व्यासाच्या तिसऱ्या घाताने घटतो. वेढ्यांची संख्या दुप्पट झाली की तो निम्मा होतो. येथे व्यास म्हणजे बाहेरील व्यासातून तारेची एक जाडी वजा करून येणारा मधला व्यास समजावा.

हे आकड्यांत असे दिसते. तार १० मि.मी., मधला व्यास ५० मि.मी. आणि वेढे २०, अशा पोलादी स्प्रिंगचा ताठपणा मिलिमीटरला सुमारे ४ किलो येतो. तीच तार ११ मि.मी. झाली तर तो जवळजवळ ५.९ किलो होतो, म्हणजे सुमारे दीडपट. ९ मि.मी. झाली तर २.६ किलो राहतो, म्हणजे एक तृतीयांश जोर गेला. व्यास ५० ऐवजी ५५ मि.मी. झाला तर चौथा हिस्सा जोर कमी होतो.

लांब स्प्रिंग मिळाली म्हणून ती कापून बसविण्याची पद्धत सर्रास आढळते. कापल्याने स्प्रिंग नरम होईल अशी समजूत असते. प्रत्यक्षात वीस वेढ्यांच्या दहा केल्या की ती दुप्पट ताठ होते. अशी स्प्रिंग मोगड्यास लावली तर दगडाशी गाठ पडताच फण झुकत नाही. मग जोर सांगाड्यावर जातो, फण वाकतो किंवा बोल्ट तुटतो, आणि शंभरभर रुपये वाचविण्याच्या नादात ऐन पेरणीच्या तोंडावर दोन दिवस वर्कशॉपमध्ये जातात. वापशाचे दोन दिवस हुकल्याची किंमत शेतकऱ्यास वेगळी सांगावयास नको. उलट नरम स्प्रिंग लागली तर कडक पट्ट्यात तो फण उथळ चालतो व मऊ पट्ट्यात खोल जातो. वरून पाहता मशागत झालेली दिसते, आणि तेथील उगवण विरळ का झाली, हे कोणाच्या लक्षात येत नाही.

कापलेल्या टोकास नवा आकडा करण्यासाठी स्प्रिंग लोहाराच्या भट्टीत तापविली जाते, हे तर आणखी वाईट. लाल होईपर्यंत तापविले की पोलादास दिलेले पाणी उतरते. मग तो भाग साध्या लोखंडासारखा मऊ पडतो व आकडा पहिल्याच दगडास सरळ होतो. मोडलेल्या स्प्रिंगला वेल्डिंग करण्याबद्दलही हेच सांगता येईल. आमच्या लोहारांचे कसब मोठे आहे, परंतु स्प्रिंगचे पोलाद ठराविक उष्णतेवर, ठराविक वेळ राखून घडविलेले असते, आणि ते माप नुसत्या नजरेने साधत नाही.

एका फणाच्या दोन स्प्रिंगांपैकी एक मोडली तर दोन्ही बदलाव्यात. जुनी थोडी सैलावलेली असते आणि नव्या-जुन्याच्या जोडीत सगळा भार नवीवर पडतो.

नवी स्प्रिंग जुन्या चांगल्या स्प्रिंगशी जुळते की नाही, हे घरच्या घरी पाहता येते. मजबूत तुळईस ती टांगून ५० किलोचे एक पोते अडकवावे व लांबी मोजावी. नंतर दुसरे पोते चढवून पुन्हा मोजावी. दोन मापांतील फरक हा खरा. चिकट वेढ्यांच्या स्प्रिंगमध्ये घडवितानाच ताण भरलेला असतो, त्यामुळे पहिल्या वजनास ती मुळीच उघडत नाही असेही होते. तसे झाल्यास वेढे उघडू लागेपर्यंत वजन वाढवून मग पुढच्या दोन वजनांतील फरक घ्यावा. वर सांगितलेल्या स्प्रिंगमध्ये ५० किलोस साडेबारा मि.मी. फरक येईल. मोजताना पोत्याखाली पाय ठेवू नये.

पंप, कात्री आणि ट्रॉली

फवारणी पंपाच्या खटक्यातील स्प्रिंग बोटाएवढी असते, परंतु तिच्याकडे दुर्लक्ष करणे धोक्याचे आहे. ती गंजली की खटका सोडल्यावरही झडप पुरती मिटत नाही आणि औषध हातावर ठिबकत राहते. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी व मजूर मृत्युमुखी पडले. त्या दुर्घटनेची कारणे निराळी व अनेक होती. तरीही औषध अंगास लागू न देण्याची प्रत्येक लहान तजवीज मोलाची आहे, हे कोणीही मान्य करील. येथे न गंजणाऱ्या पोलादाचीच, म्हणजे स्टेनलेसची स्प्रिंग घ्यावी. चुंबक लावून तिची परीक्षा करू नये. थंड ओढलेली स्टेनलेसची तारही चुंबकास थोडी चिकटते, त्यामुळे अस्सल माल खोटा ठरतो. कंपनीचा सुटा भाग मागणे हेच बरे.

द्राक्षबागेत एप्रिलच्या खरड छाटणीस व ऑक्टोबरच्या फळछाटणीस मजुरांच्या हातात दिवसभर कात्री असते. तिच्या स्प्रिंगचे काम केवळ पाती उघडण्याचे आहे. ती गरजेपेक्षा ताठ असली तर प्रत्येक काडीबरोबर हाताने तिलाही दाबावे लागते, आणि सायंकाळी मनगट भरून येते ते बहुधा यामुळे. कात्री घेताना ती रिकामी दहा-वीस वेळा दाबून पाहावी. शंकूसारखी गुंडाळलेल्या पट्टीची स्प्रिंग बाजूस वाकत नाही. तारेची हलकी असते, पण तिची बैठक खोल नसेल तर ती निसटून बागेत हरवते.

ट्रॉलीच्या पाट्यांत आणखी एक गुण आहे. पाटे एकमेकांवर घासतात व त्या घर्षणाने हिसका लवकर शमतो. अधिक ऊस भरता यावा म्हणून जादा पाटा चढविणे मात्र टाळावे. पाटा जड झाला तरी धुरा आणि टायर पूर्वीचेच राहतात. डिझेल इंजिनाच्या नोझलमधील स्प्रिंग शेतकऱ्याने स्वतः बदलू नये. तिचा दाब यंत्रावर लावून घ्यावा लागतो.

काढताना

ताणलेली किंवा दाबलेली स्प्रिंग म्हणजे साठविलेला जोर होय. मोगड्याची स्प्रिंग बदलावयाची असल्यास मोगडा जमिनीवर टेकवून ट्रॅक्टर बंद करावा. मग आवळण्याचा बोल्ट थोडाथोडा सैल करावा, स्प्रिंग हाताने हलू लागेपर्यंत. त्यानंतरच आकडा सोडवावा. स्प्रिंगच्या रेषेत तोंड न आणता बाजूस बसावे आणि डोळ्यांवर चष्मा असावा. पॉवर पंपाच्या दोरीचे झाकण उघडण्याची वेळ आली तर आतील कमान डबीसह बाहेर काढावी. ती डबीतून मोकळी करू नये. सुटली तर हात कापते, आणि परत बसविण्यास मिस्त्रीलाही अर्धा दिवस लागतो.