यंत्राचे उत्तर आणि वकिलाचे दायित्व

कायद्याच्या विद्यार्थ्यास कृत्रिम बुद्धिमत्तेचा परिचय करून द्यावयाचा असल्यास आरंभ यंत्राच्या रचनेपासून न करता एखाद्या साध्या तंट्यापासून करणे अधिक हितकारक ठरते. समजा, बंगळुरूच्या जे. पी. नगर वसाहतीत एक मराठी कुटुंब दरमहा 25,000 रुपये भाड्याने राहत आहे. घरमालकाने आठ दिवसांत घर रिकामे करण्यास सांगितले आहे. कुटुंबप्रमुखाने मराठीतून विचारलेल्या प्रश्नास यंत्र महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, 1999 याच्या आधारे सुबोध उत्तर देते. उत्तरात भाषेचा एकही दोष नाही. दोष आहे तो एवढाच की, तो कायदा जे. पी. नगरास लागू नाही.

असे का घडावे? भाषेचे हे यंत्र म्हणजे निर्णयांची नोंदवही नव्हे. अगणित मजकूर वाचून कोणत्या शब्दामागे कोणता शब्द येणे संभवनीय आहे, याचा अदमास ते बांधते. घरभाड्याविषयीचे मराठी लेखन बहुतांशी महाराष्ट्रासंबंधी असल्यामुळे अदमासही तिकडेच झुकू शकतो.

यापुढचे काम विद्यार्थ्याचे. कर्नाटकात कर्नाटक भाडे अधिनियम, 1999 आहे, हे त्याने प्रथम शोधावे. परंतु येथेच थांबल्यास तोही चुकेल. कारण बंगळुरूत ज्या घराचे प्रमाणभाडे दरमहा 3,500 रुपयांहून अधिक आहे, त्यास हा कायदा लागू होत नाही. अशा वेळी उभयपक्षी झालेला करार आणि मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, 1882 यांकडे वळावे लागते. करारात अन्यथा ठरलेले नसेल, तर कलम 106 अन्वये मासिक भाडेपट्टा संपविण्यासाठी 15 दिवसांची नोटीस आवश्यक असते. त्यानंतरही भाडेकरू हटला नाही, तर मालकास न्यायालयाकडेच जावे लागते. बळाने बाहेर काढता येत नाही. कुटुंबाचे छप्पर या तपशिलावर अवलंबून आहे.

चुकीच्या कायद्याहूनही घातक असतो तो मुळात नसलेला निर्णय. 2023 मध्ये न्यूयॉर्क येथील न्यायालयाने यंत्राने रचलेले काल्पनिक निवाडे सादर करणाऱ्या वकिलांना 5,000 डॉलर दंड केला. ऑक्टोबर 2025 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने प्राप्तिकराचा एक निर्धारण-आदेश रद्द केला. त्यात आधार म्हणून घेतलेले निर्णय अस्तित्वातच नव्हते. यंत्राच्या उत्तरांवर डोळे मिटून विसंबू नये, ती पडताळून घ्यावीत, अशी समजही न्यायालयाने दिली.

म्हणून अध्यापकाने प्रत्येक उत्तरास तीन कसोट्या लावण्याची सवय विद्यार्थ्यांस लावावी. उद्धृत निर्णय मूळ प्रतिवेदनात आढळतो काय? त्यात खरोखर तेच म्हटले आहे काय? तो कायदा या स्थळी, या काळी व या व्यवहारास लागू आहे काय? याखेरीज पक्षकाराचे नाव व गुपिते यंत्रास सांगू नयेत, हेही बिंबवावे.

यंत्रामुळे शोधाचे श्रम घटतात, पडताळणीचे घटत नाहीत. आणि वकीलपत्रावर सही असते ती वकिलाची, यंत्राची नव्हे.