शोभेची रंगीत मिरची : कुंडीतून ताटापर्यंत

शहरांलगतच्या रोपवाटिकांमध्ये एक बुटके झाड हल्ली ग्राहकांचे लक्ष वेधून घेते. वीत-दीड वीत उंचीच्या या झाडावर आभाळाकडे तोंड करून उभी असलेली फळे लगडलेली असतात आणि जांभळा, पिवळा, केशरी व लाल असे सर्व रंग एकाच वेळी दिसतात. ही शोभेची मिरची होय. ‘ही खाता येते का?’ हा ग्राहकाचा पहिला प्रश्न असतो. वनस्पतीशास्त्राच्या दृष्टीने त्याचे उत्तर ‘होय’ असे आहे. व्यवहारात मात्र ते झाड कसे वाढवले गेले यावर हे उत्तर अवलंबून असते. म्हणूनच झाड शोभेसाठी की खाण्यासाठी, हे पेरणीपूर्वीच ठरवणे आवश्यक ठरते.

ओळख व रंगांचे कारण

शोभेच्या मिरचीचे बहुतेक वाण नेहमीच्या मिरचीच्याच, म्हणजे कॅप्सिकम अ‍ॅन्नम या प्रजातीतील आहेत. उभी फळे भारतीय शेतकऱ्यांना नवीन नाहीत. केरळमधील कांथारी आणि नवी दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेचा ‘पुसा सदाबहार’ हा घोसात फळणारा वाण ही त्याची परिचित उदाहरणे आहेत. परदेशी वाणांत अमेरिकी कृषी विभागाच्या शास्त्रज्ञांनी विकसित केलेला काळसर पानांचा ‘ब्लॅक पर्ल’ आणि न्यू मेक्सिको राज्य विद्यापीठाचा बहुरंगी ‘न्यूमेक्स ट्वायलाइट’ हे वाण प्रसिद्ध आहेत.

जांभळा व काळा रंग अँथोसायनिनमुळे, तर पिवळा, केशरी व लाल रंग कॅरोटिनॉइडमुळे येतो. फळ पिकताना अँथोसायनिन नाहीसे होते आणि कॅरोटिनॉइड वाढते. फळे एकाच दिवशी धरत नसल्यामुळे झाडावर सर्व रंग एकत्र नांदतात.

येथे एक सावधगिरी बाळगावी. ‘जेरुसलेम चेरी’ (सोलॅनम सुडोकॅप्सिकम) हे लाल-केशरी गोल फळांचे शोभेचे झाड दिसायला असेच असते. परंतु त्याची फळे विषारी आहेत. मिरचीचे फळ कापल्यास आत पोकळी व पांढरट गाभ्याला चिकटलेल्या बिया दिसतात. जेरुसलेम चेरी आतून लहान टोमॅटोसारखी रसाळ व भरीव असते. ओळख पटल्याशिवाय कोणतेही फळ चाखू नये.

लागवड

बियाणे कोकोपीट भरलेल्या प्रो-ट्रेमध्ये अर्धा ते एक सेंटिमीटर खोलीवर पेरावे. २५ ते ३० अंश सेल्सिअस तापमानात उगवण चांगली होते. रोपे पाच-सहा आठवड्यांची झाल्यावर २० ते २५ सेंटिमीटर व्यासाच्या कुंडीत लावावीत. दोन भाग पोयटा माती, एक भाग चांगले कुजलेले शेणखत किंवा गांडूळ खत आणि एक भाग कोकोपीट असे मिश्रण वापरावे. कुंडीच्या तळाशी निचऱ्याचे छिद्र असावे.

झाडाला रोज किमान सहा तास थेट ऊन मिळावे. सावलीत जांभळ्या पानांचा रंग फिका पडतो आणि फळेही कमी लागतात. नत्र जास्त झाल्यास पालेदार वाढ होऊन फुले उशिरा येतात. कडक उन्हाळ्यात फूलगळ होते, तर कडाक्याच्या थंडीत वाढ खुंटते. पेरणीपासून साधारण साडेतीन ते चार महिन्यांत झाडावर रंग भरतो. दिवाळीच्या विक्रीसाठी जूनअखेर ते जुलैच्या सुरुवातीस पेरणी करणे सोयीचे ठरते.

कीड व रोग

पाने वरच्या बाजूस वळल्यास फुलकिड्यांचा, खालच्या बाजूस वळल्यास कोळीचा प्रादुर्भाव तपासावा. पांढरी माशी पर्णगुच्छ विषाणूचा प्रसार करते. रोगट झाड वेळीच उपटून नष्ट करावे. २०२१ मध्ये आंध्र प्रदेश व तेलंगणात मिरचीवर मोठे संकट आणणारे काळे फुलकिडे (थ्रिप्स पार्व्हिस्पिनस) प्रामुख्याने फुलांत राहतात. त्यामुळे फूल पांढऱ्या कागदावर झटकून तपासण्याची सवय ठेवावी. निळे व पिवळे चिकट सापळे आणि ५ टक्के निंबोळी अर्क यांचा वापर सुरुवातीपासून करावा.

शोभा की आहार?

केवळ शोभेसाठी वाढवलेल्या कुंड्यांवर आंतरप्रवाही कीटकनाशके फवारली जाण्याची शक्यता असते. झाड बुटके राहावे म्हणून पॅक्लोब्युट्राझोलसारखे वाढनियंत्रकही काही ठिकाणी वापरले जाते. अन्नपिकांसाठी फवारणी व काढणी यांमधील प्रतीक्षा कालावधी लेबलवर दिलेला असतो; शोभेच्या झाडांचा विचार त्या दृष्टीने झालेला नसतो. त्यामुळे फवारणीचा इतिहास माहीत नसलेल्या कुंडीतील फळे खाऊ नयेत. त्या झाडाच्या पूर्ण पिकलेल्या फळांतील बी घेऊन नवीन रोपे तयार करावीत आणि ती अन्नपीक म्हणून वाढवावीत. मूळ झाड संकरित असल्यास पुढील पिढीत रंग व आकार बदलतात, हे लक्षात ठेवावे.

रोपवाटिकाधारकांनी शोभेच्या व खाण्याच्या कुंड्या स्वतंत्र ठेवाव्यात, दोहोंच्या फवारणीची नोंद ठेवावी आणि ‘केवळ शोभेसाठी’ अशी स्पष्ट पट्टी लावावी. लहान मुले असलेल्या घरांत ही पट्टी विशेष महत्त्वाची आहे.

बीजोत्पादन

मिरचीत कीटकांद्वारे परपरागीकरण बऱ्याच प्रमाणात होते. शेजारच्या तिखट मिरचीमुळे ढोबळी मिरची त्याच हंगामात तिखट होते, हा समज बरोबर नाही. कारण फळाचा गर व गाभा मातृवृक्षाचाच असतो. तथापि त्या फळाचे बी पुढील हंगामात पेरल्यास तिखट झाडे निघू शकतात, कारण तिखटपणा हा प्रभावी गुणधर्म आहे. घरगुती बियाण्यासाठी फुले उमलण्यापूर्वी फांदीवर मलमलची पिशवी बांधावी, फांदी अधूनमधून हलकेच हलवावी आणि फळे धरल्यावर पिशवी काढून त्या फळांना खुणेचा दोरा बांधावा.

स्वयंपाकातील उपयोग

यांतील अनेक वाण अतिशय तिखट असतात आणि स्वादात मात्र साधारण असतात. प्रथम एक फळ कापून लहानसा तुकडा चाखावा व त्यानुसार प्रमाण ठरवावे. तिखटपणा देणारे कॅप्सेसिन मुख्यतः आतील पांढरट गाभ्यात असते, बियांत नव्हे. गाभा काढल्यास तिखटपणा बराच कमी होतो.

जांभळा रंग पाण्यात विरघळतो आणि उष्णतेने फिकटतो. म्हणून जांभळी फळे कच्ची, बारीक चिरून कोशिंबिरीवर पेरावीत. पिवळा, केशरी व लाल रंग तेलात उतरतो. अशी फळे फोडणीत, ठेच्यात व रश्श्यात शोभून दिसतात. रंगीत फळांना उभी चीर देऊन मीठ घातलेल्या व्हिनेगरमध्ये ठेवल्यास सुरेख लोणचे होते. सिक्कीममध्ये गोल, लालभडक दल्ले खुर्सानी लोणच्याच्या रूपाने अशीच टिकवली जाते. ताजी मिरची आंबट घटकाशिवाय नुसत्या तेलात बुडवून बाहेर ठेवू नये; हवाबंद स्थितीत त्यात घातक जिवाणू वाढू शकतात.

फळे चिरताना हातमोजे वापरावेत. कॅप्सेसिन पाण्यात सहज विरघळत नाही. त्यामुळे हातांची आग झाल्यास प्रथम खाद्यतेल चोळून नंतर साबणाने धुवावे. तोंडाची आग पाण्यापेक्षा दूध किंवा दह्याने लवकर शमते.

शोभेची मिरची विकताना झाडासोबत ती खाण्यायोग्य आहे की नाही, याची खरी माहिती दिली, तर ग्राहकाचा विश्वास टिकतो. विस्तार कार्यकर्त्यांनी ही बाब रोपवाटिकाधारकांच्या प्रशिक्षणात आवर्जून समाविष्ट करावी.