तीस फुटांचं चित्र, कच्चं रेखाटन न करता

प्रश्न : लंडनच्या मॅज गिल कुठल्याही कलाशाळेत शिकल्या नव्हत्या, तरी त्यांनी शाईने तीस-तीस फुटांची चित्रं काढली, असं वाचलं. आधी रेखाटन न करता एवढं मोठं चित्र जमतं कसं?
– एक वाचक, सातारा

उत्तर : त्यांची पद्धत पाहिली की कोडं सुटतं. मांजरपाटाचा तागा घ्यायचा, हातापुढे मावेल तेवढाच उलगडायचा, तो भाग भरला की गुंडाळून पुढचा सोडायचा. चालू असलेलं चित्र त्यांना अख्खं कधी दिसतच नसे. शिवाय या बाई विणकाम, भरतकाम करणाऱ्या होत्या. विणणारी बाई कागदावर आराखडा मांडून बसत नाही. मागची ओळ पुढच्या ओळीला वाट दाखवते. माझ्या मते गिलबाईंचा टाक सुईसारखाच चालला.

कुठलाही एक वीतभर तुकडा बघा. बारीक आडव्याउभ्या रेघांचं जाळं, बुद्धिबळाच्या पटासारखे काळेपांढरे चौकोन, कुठेच न पोचणारे जिने. आणि मधेच कोऱ्या जागेतून वर आलेला एका तरुणीचा फिकट चेहरा. तिच्या झग्याच्या चुण्या कुठे संपतात आणि फरशी कुठे सुरू होते, ते बोट ठेवूनही सांगता येत नाही. हाच चेहरा शेकडो वेळा येतो. ती कोण, हे त्यांनी सांगितलं नाही.

त्यांचं आयुष्य खडतर होतं. अनाथाश्रमात वाढलेल्या या मुलीला चौदाव्या वर्षी कॅनडात शेतावर राबायला पाठवलं गेलं. पुढे 1918च्या साथीत मुलगा गेला, वर्षभरात मुलगी मृत जन्मली, आजारपणात एका डोळ्याची दृष्टीही गेली. 1920 मध्ये, अडतिसाव्या वर्षी, त्या एकाएकी चित्रं काढू लागल्या. आपला हात ‘मर्निनेरेस्ट’ नावाचा आत्मा चालवतो, असं त्या मानत आणि चित्रांवर त्याच नावाची सही करत. चित्रं त्याची, मग आपण विकायची कशी, म्हणून त्या विकायला नकार देत. पूर्व लंडनमधल्या व्हाइटचॅपल गॅलरीतल्या हौशी चित्रकारांच्या प्रदर्शनात मात्र ती ठेवत.

1961 मध्ये त्या वारल्या तेव्हा घरात चित्रांच्या थप्प्या सापडल्या. त्यांतली बरीचशी आज पूर्व लंडनच्या न्यूहॅम नगरपालिकेकडे आहेत. छापील प्रत हाती आली तर लांबून बघू नका, भिंग घ्या आणि एकाच चेहऱ्यापासून सुरुवात करा.